एका खोऱ्याचा पाऊस आणि साडेतीन लाख फाइली: हवामान खात्याच्या मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी चालेल. सॅटेलाइटवरून मोजलेल्या पावसाचा जो इतक्या वर्षांचा डेटा आज उपलब्ध आहे तो लोकांना फाइलींचा ढीग म्हणून देऊ नका, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून द्या. माणसाने नकाशावर जागा किंवा नदीचं खोरं निवडावं, तारखा टाकाव्यात, आणि त्याला पावसाचे आकडे मिळावेत, सोबत हे आकडे कुठल्या डेटासेटचे, कुठल्या व्हर्जनचे आणि त्या भागात त्यांच्यावर कितपत भरवसा ठेवायचा हेही त्याच पानावर कळावं. ही सिस्टीम उभी करणं तुमच्या खात्याच्या हातात आहे.

मी कित्येक वर्षं हा डेटा काढून दुसऱ्यांना देते. धरणाचं काम बघणारे इंजिनियर असतात, पीएचडी करणारी मुलं असतात, पुराचा अभ्यास करणारे असतात, पीक विम्याचे हिशोब करणारे असतात. हे लोक आपापल्या कामात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत, तरी माझ्याकडे येतात, कारण डेटा फुकट असला तरी तो मिळवायला प्रोग्रामिंग यावं लागतं.

एक उदाहरण सांगते. एका इंजिनियरला एका छोट्या खोऱ्याचा वीस वर्षांचा पाऊस हवा होता. त्यांनी पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या जीपीएम मिशनचा आयमर्ग हा डेटासेट निवडला, निवड अगदी बरोबर होती, ०.१ अंशाची जाळी आहे, म्हणजे विषुववृत्ताजवळ साधारण ११ किलोमीटरचा चौकोन, आणि दर अर्ध्या तासाचा पाऊस मिळतो. पण अर्ध्या तासाला एक फाइल म्हणजे दिवसाला ४८, वर्षाला १७,५२०, आणि वीस वर्षांच्या साडेतीन लाख फाइली. प्रत्येक फाइलमध्ये अख्ख्या पृथ्वीची जाळी, ३६०० गुणिले १८०० म्हणजे ६४ लाख ८० हजार चौकोन, आणि त्यांना त्यातले हवे होते फक्त सहा. त्यांनी आठवडाभर रात्रीचं डाउनलोड लावून ठेवलं, डिस्क भरली, मग कुणाच्या तरी मदतीने एचडीएफ५ या प्रकारची फाइल उघडायचं सॉफ्टवेअर टाकलं, सहा चौकोन शोधले आणि दिवसाचे ४८ आकडे बेरीज केले. पाऊस आला दुप्पट.

कारण फाइलमधला आकडा मिलिमीटर प्रति तास असतो, ज्या अर्ध्या तासाची फाइल आहे त्यातला एकूण पाऊस नसतो, त्यामुळे बेरजेआधी प्रत्येक आकडा निम्मा करावा लागतो. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, नाही असं नाही. पण ज्या माणसाचं काम पुलाखालून किती पाणी जाईल हे ठरवणं आहे त्याच्याकडून आपण डेटाची माहितीपुस्तिका पाठ असण्याची अपेक्षा का करतोय? त्यांनी जवळच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघितलं म्हणून चूक सापडली. जिथे जवळपास पर्जन्यमापकच नाही तिथे काय ताडणार? आणि सॅटेलाइटचा डेटा सगळ्यात जास्त लागतो तो नेमका अशाच ठिकाणी.

असे खड्डे बरेच आहेत साहेब, आणि मी जवळपास प्रत्येकात कुणाला ना कुणाला पडताना बघितलंय. डेटा नसेल तिथे उणे ९९९९.९ असा आकडा भरलेला असतो, तो न काढता सरासरी घेतली की पाऊस शून्याच्या खाली जातो, पण असे आकडे थोडेच असले तर सरासरी नुसतीच कमी होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काही डेटासेटमध्ये रेखांश उणे १८० ते १८० असतात, काहींमध्ये ० ते ३६०, काहींमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश, त्यामुळे नकाशा आडवा पडतो किंवा पश्चिमेचा देश पूर्वेला जातो. आणि दिवस कधी सुरू होतो हा तर वेगळाच घोळ, सॅटेलाइटचा दिवस जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्री बदलतो, जमिनीवरचं माप बऱ्याच ठिकाणी सकाळी घेतात, मग एकच मोठा पाऊस एका यादीत एका तारखेला आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या तारखेला दिसतो आणि लोक म्हणतात सॅटेलाइट चुकलं. ते चुकलेलं नसतं, दोघांचे दिवस वेगळे असतात. या सगळ्या गोष्टी सर्व्हरवर एकदा नीट बसवल्या की हजारो माणसांना त्या पुन्हा पुन्हा निस्तराव्या लागणार नाहीत.

आता कुणी तुम्हाला सांगेल की पर्जन्यमापक आहेत की, सॅटेलाइटचा एवढा आग्रह कशाला. २०१७ साली शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता, जगातल्या उपलब्ध पर्जन्यमापकांची तोंडं शेजारी शेजारी ठेवली तर ती सगळी मिळून अर्ध्या फुटबॉल मैदानापेक्षाही कमी जागा व्यापतात. एवढ्याशा जागेवरून अख्ख्या पृथ्वीचा पाऊस आपण सांगतो! समुद्रावर तर जवळपास काहीच नाही, आणि डोंगर, जंगलं, वाळवंटं, जिथे माणूस रोज जाऊन माप घेऊ शकत नाही तिथेही तेच. मला पर्जन्यमापक कमी व्हायला नकोयत, उलट वाढायला हवेत, कारण सॅटेलाइटचे आकडे शेवटी त्यांच्याशीच जुळवून सुधारले जातात. पण मधली रिकामी जागा भरायला वरूनच बघावं लागतं.

आणि वरून बघायला लागून आता बराच काळ झालाय. नोव्हेंबर १९९७ मध्ये नासा आणि जपानच्या अंतराळ संस्थेने टीआरएमएम हा उपग्रह सोडला, अंतराळातून पाऊस मोजणारं पहिलं रडार त्याच्यावर होतं, तो २०१५ पर्यंत चालला. २०१४ च्या फेब्रुवारीत जीपीएमचा मुख्य उपग्रह गेला. भारत आणि फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स २०११ मध्ये गेला. आणि इन्फ्रारेडमधून ढगांचे फोटो काढणारे भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच जागेवर स्थिर दिसणारे, उपग्रह तर याच्याही कितीतरी आधीपासून आहेत, त्यांच्याच जोरावर पर्शियान-सीडीआर नावाचा डेटासेट १९८३ पासूनचा रोजचा पाऊस देतो, ६० अंश दक्षिण ते ६० अंश उत्तर, पाव अंशाच्या जाळीवर. चर्प्स हा डेटासेट १९८१ पासून आहे. जीपीसीपी या डेटासेटचे महिन्याचे आकडे १९७९ पासून. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त पाऊस नोंदलेला पडून आहे.

इथे एक फरक तुमच्या अधिकाऱ्यांनी नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण बहुतेक वेबसाइट्स इथेच लोकांना गोंधळात टाकतात. आत्ता पाऊस कुठे पडतोय हे सांगणारा डेटा वेगळा आणि चाळीस वर्षांत पाऊस बदललाय का हे सांगणारा डेटा वेगळा. आयमर्गचीच तीन रूपं आहेत, एक साधारण चार तासांत येतं, एक बारा-चौदा तासांत, आणि एक साडेतीन महिन्यांनी, पर्जन्यमापकांशी जुळवून. पुराचा इशारा द्यायला पहिलं हवं, तिथे घाई महत्त्वाची. पण पाऊस वाढतोय का कमी होतोय हे बघायचं तर रेकॉर्ड एकसंध लागतं, कारण मधे उपग्रह बदलतात, उपकरणं जुनी होतात, कक्षा बदलते. टीआरएमएमचं इंधन वाचवायला २००१ च्या ऑगस्टमध्ये त्याची कक्षा साधारण ३५० किलोमीटरवरून ४०२ किलोमीटरवर नेली, तेव्हा रडारला एका वेळी दिसणारा जमिनीचा तुकडासुद्धा बदलला. असे बदल सांभाळून घेतले नाहीत तर उपग्रहाचा बदल हवामानबदल म्हणून छापून येईल. म्हणून क्लायमेट डेटा रेकॉर्ड ही वेगळी गोष्ट आहे, तो पुरेसा लांब, सलग आणि एकाच पद्धतीने केलेला असावा लागतो. तुमच्या पोर्टलवर या दोन गोष्टी एकाच यादीत एकाखाली एक ठेवू नका, माणूस आत आला की त्याला आधी विचारा की आजचा पाऊस हवाय का वर्षानुवर्षांचा, आणि त्याप्रमाणे योग्य डेटासेट पुढे करा.

हे होऊ शकतं का, तर होऊ शकतं, झालेलं आहे. नासाचं जिओव्हानी कित्येक वर्षं चालू आहे, ब्राउझरमध्ये जागा आणि काळ निवडायचा, सरासरी, आलेख, नकाशा तिकडेच तयार होतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या जलविज्ञान केंद्राने रेनस्फिअर बनवलं, त्यात पर्शियान-सीडीआरचा पाऊस नकाशावर बघता येतो, एखादा देश किंवा खोरं निवडून पाऊस वर्षानुवर्षं वाढतोय का कमी होतोय ते दिसतं. पहिल्यांदा जेव्हा मी एका शाळकरी मुलीला असं पान उघडून दिलं तेव्हा तिने कुणी न सांगता तीन-चार खोरी निवडून एकमेकांशी ताडून बघितली आणि मला विचारलं की हे खोटं नाही ना, म्हणजे खरंच मोजलेलं आहे ना. हो, खरंच मोजलेलं आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

याच्या उलट अनुभवही आहेत. एक पोर्टल होतं, नाव घेत नाही, मी डेटा काढणाऱ्या माझ्या सगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, त्याच्यावर बांधल्या होत्या, एके सकाळी लिंक बंद. सूचना नाही, नवीन पत्ता नाही, मेलला उत्तर नाही. दीड महिन्याने तोच डेटा दुसऱ्या पत्त्यावर सापडला, पण आकडे थोडे वेगळे, कारण व्हर्जन बदललेलं होतं आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझ्याकडून ज्यांनी आधी आकडे नेले होते त्यांना मी काय सांगणार? एकीचा प्रबंध त्या आकड्यांवर जमा झाला होता. व्हर्जन बदलणं चांगलंच आहे, पद्धती सुधारतात म्हणून बदलतं, टीआरएमएमवर आधारलेला जुना डेटासेट २०१९ अखेरीस थांबला आणि त्याची जागा आयमर्गने घेतली, आयमर्गचं सातवं व्हर्जन २०२३ मध्ये आलं. पण जुनं व्हर्जन फेकून देऊ नका, ते वेगळं ठेवा, नवीन का आलं ते दोन परिच्छेदांत लिहा, आणि प्रत्येक डाउनलोडच्या आतच व्हर्जन आणि तारीख छापून द्या, म्हणजे पाच वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर देता येईल.

भरवशाबद्दल बोलायचं राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. इन्फ्रारेडवाला उपग्रह पाऊस बघत नाही, तो ढगाचा माथा किती थंड आहे ते बघतो आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधला जातो. डोंगरउतारावर बुटक्या, उबदार ढगांमधून धो धो पाऊस कोसळतो तो याला कमीच दिसतो, आणि उंचावरच्या पातळ थंडगार ढगाखाली जमीन कोरडी असली तरी याला पाऊस वाटू शकतो. मायक्रोवेव्ह उपकरणं थेंबांचा आणि बर्फकणांचा परिणाम थेट पकडतात, म्हणून जास्त चांगली, पण ती भूस्थिर नाहीत, एका जागेवरून अधूनमधूनच जातात, आणि जमिनीवर बर्फ असेल तर त्यांनाही ओळखणं अवघड जातं. हे सगळं शास्त्रज्ञांना माहितीये. वेबसाइटवर मात्र निळा-हिरवा सुंदर नकाशा असतो आणि सगळीकडचा रंग सारखाच खात्रीचा वाटतो. डोंगरात राहणाऱ्या माणसाला त्याच नकाशावर दिसलं पाहिजे की तुमच्या इथे हा आकडा कमी दाखवण्याची शक्यता आहे. एक दशांश स्थळ जास्त देण्यापेक्षा हे सांगणं कितीतरी मोलाचं आहे.

खर्चाचा प्रश्न येईल हे मला माहितीये. पण मोठा खर्च उपग्रह सोडण्यात झालेला आहे, त्यापुढे सर्व्हर, चार-पाच चांगले प्रोग्रामर आणि मेलला उत्तर देणारी दोन माणसं हा खर्च फार लहान आहे. ती दोन माणसं मात्र नक्की ठेवा, आणि कंत्राट संपलं की जाणारी नकोत, कायमची ठेवा. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांचे फोटो फुकट केले तेव्हा वापर अनेक पटींनी वाढला होता. आणि २०२१ मध्ये जागतिक हवामान संघटनेने डेटा धोरण मंजूर केलंय, मूलभूत हवामान डेटा मोफत आणि निर्बंधांशिवाय द्यायचा असं त्यात सदस्य देशांनी मान्य केलंय. मोफत ठेवलाय पण काढता येत नाही, अशी पळवाट त्या धोरणाला अभिप्रेत नसावी.

मोबाइलवर चालेल असं बनवा. मंद इंटरनेटवर चालेल असं बनवा. आकडे साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल अशा तक्त्यात द्या, ज्याला नेटसीडीएफ हा शास्त्रज्ञांचा फाइल प्रकार हवा तो ते घेईल. लोकांच्या भाषेत द्या. ज्यांना प्रोग्राममधून थेट आकडे ओढायचे आहेत त्यांच्यासाठी एपीआय ठेवा आणि तो मधेच बदलू नका.

शेवटची विनंती तुम्हाला स्वतःला आहे. एक तास काढा, शेजारी अधिकारी न बसवता, साधा मोबाइल घ्या, आणि तुमच्या खात्याच्या वेबसाइटवरून तुमच्या ओळखीच्या कुठल्याही एका नदीच्या खोऱ्यात गेल्या वीस वर्षांत दर वर्षी किती पाऊस पडला ते काढून बघा. जिथे अडाल ते कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत तो कागद टेबलावर ठेवा.

आपली,
पावसाचा डेटा रोज वापरणारी एक नागरिक