गाऊटच्या रुग्णाला दोष नको, उपचार हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला गाऊटवरचा, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणाऱ्या संधिवातावरचा, लेख वाचला. काय खाऊ नये याची यादी भरपूर होती, औषधांना मात्र शेवटी दोनच ओळी मिळाल्या. ‘जिभेचे चोचले पुरवले, आता भोगा’ हे या रुग्णांना घरीदारी ऐकावंच लागतं. निदान वर्तमानपत्राने तरी त्यात भर घालू नये, असं मला कळकळीने वाटतं.

बहुसंख्य रुग्णांमध्ये मूळ अडचण मूत्रपिंडाची असते. युरिक ॲसिडचा निचरा पुरेसा होत नाही, आणि हे बरंचसं आनुवंशिक असतं. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या अभ्यासात, माणसामाणसांच्या युरिक ॲसिडमधल्या फरकापैकी एक टक्काही आहाराच्या पद्धतीमुळे पडत नसल्याचं दिसलं, जनुकांचा वाटा मात्र पावभागाच्या आसपास होता. मद्य, गोड पेयं आणि वजन यांवर ताबा हवाच, पण नुसत्या पथ्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात येत नाही.

ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारं औषध १९६०च्या दशकापासून उपलब्ध आहे. रक्तातलं युरिक ॲसिड दर डेसिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली टिकवलं की सांध्यांत साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. मात्र ते विरघळत असतानाच सुरुवातीचे काही महिने सांधे पुन्हा भडकू शकतात. म्हणून डॉक्टर सोबत काही काळ कमी मात्रेत कोल्चिसिन हे सांध्यांची सूज आवरणारं औषध देतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर ‘गोळीने दुखणं उलट वाढलं’ म्हणून रुग्ण नेमक्या याच टप्प्यावर औषध सोडतो. (अंगावर पुरळ उठलं तर मात्र ॲलोप्युरिनॉलची गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायलाच हवं.)

समजावून सांगण्याने किती फरक पडतो, हे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवून दिलं. प्रशिक्षित परिचारिकांनी रुग्णांना आजार नीट उलगडून सांगितला आणि तपासणीनुसार मात्रा वाढवत नेली. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी ९५ टक्के रुग्ण ६च्या खाली आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं. २०१८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले. यात नवं औषध कोणतंच नव्हतं!

पुढच्या एखाद्या पुरवणीत संधिवाततज्ज्ञांकडून औषधोपचारांवर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती. त्यात ६चा आकडा आणि सुरुवातीच्या महिन्यांतल्या त्या दुखण्याची कल्पना ठळकपणे द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक