आधी स्टुडिओ पाहावा, मग शहर ठरवावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकात कला महाविद्यालयांतील प्रवेशांची माहिती येऊ लागते. ती उपयोगाची असते आणि मी तिची कात्रणे जपून ठेवते. मात्र ती महाराष्ट्रात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. वडोदऱ्यात, म्हणजे आम्ही घरात अजून ज्याला बडोदेच म्हणतो त्या गावात, चार-चार पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलाचा किंवा मुलीचा हात चांगला चालतो असे दिसले की आमच्याकडे पहिला विचार मुंबई-पुण्याचा होतो, कारण नातेवाईक तिकडे असतात, भाषा आपली असते आणि मुंबईच्या कला महाविद्यालयाचे ‘जे. जे.’ हे नाव लहानपणापासून कानांवर पडलेले असते. आपण महाराष्ट्राबाहेरचे विद्यार्थी ठरतो, हे अर्ज भरायला बसल्यावर लक्षात येते. तेथील शासकीय महाविद्यालयांत राज्याच्या अधिवासाला महत्त्व असते आणि आमच्या मुलांकडे गुजरातचा दाखला असतो. शिवाय महाराष्ट्रातील मुले शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतात. इकडच्या शाळांतील बहुतेक मुलांच्या कानी त्यांचे नावही आलेले नसते. मग शासकीय दार अरुंद दिसल्यावर पालक तिकडच्याच एखाद्या महागड्या खाजगी संस्थेकडे वळतात, आणि आपल्याच गावातले दार ठोठावायचे राहून जाते.

आम्हीही नेमके हेच केले. मी एका बँकेतून निवृत्त झालेली, दांडिया बाजारात राहणारी स्त्री आहे. मला चित्रकला येत नाही. माझ्या मुलीला येते. काही वर्षांपूर्वी तिला आम्ही महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरातील खाजगी संस्थेत घातले. माहितीपत्रक देखणे होते, इमारत काचेची होती, संगणकांची खोली वातानुकूलित होती. फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळून वर्षाला साडेचार लाखांच्या घरात जात होता, आणि त्यासाठी मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. पहिल्या सत्रानंतर मुलगी घरी आली तेव्हा तिच्या चित्रवहीत मोजून अकरा पाने भरलेली होती. मी कारण विचारले. तिने सांगितले की स्टुडिओ साडेचारला बंद होतो, किल्ली कार्यालयात असते, शिक्षक तासापुरते येतात आणि दुसऱ्या संस्थेत शिकवायला निघून जातात. नग्नाकृतीचा अभ्यास सोडाच, साध्या कपड्यातल्या माणसाला समोर बसवून रेखाटने करण्याचा तासही आठवड्यातून एकदाच होई. वर्ष संपल्यावर तिने ती संस्था सोडली आणि पुढच्या उन्हाळ्यात येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेची, म्हणजे गावात सगळे ज्याला नुसते ‘फाइन आर्ट्स’ म्हणतात तिची, प्रवेशाची अभियोग्यता चाचणी दिली. तिचे एक वर्ष आणि माझे पैसे गेले. याहून अधिक वाईट मला या गोष्टीचे वाटले की फाइन आर्ट्स जेथे आहे त्या ज्या पुष्पबागेच्या फाटकावरून मी तीस वर्षे बसने ये-जा केली, त्या फाटकाच्या आत काय आहे हे मी एकदाही जाऊन पाहिले नव्हते.

म्हणून पालकांना माझे पहिले सांगणे हे आहे की माहितीपत्रक बाजूला ठेवून स्टुडिओत जावे. वर्षाच्या शेवटी कला महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या कामाची मांडणी होते. फाइन आर्ट्समध्ये मुले तिला ‘डिस्प्ले’ म्हणतात. त्या दिवसांत कोणालाही आत जाऊन पाहता येते की चार वर्षे शिकलेल्या मुलांच्या हातून प्रत्यक्षात काय निघते. मुलांशी बोलावे. स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो, शिक्षक स्वतः काम करतात का आणि त्यांचे काम कोठे पाहायला मिळते, यंत्रे चालू आहेत की नुसती ठेवलेली आहेत, ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते का, हे त्यांनाच विचारावे, कारण ती खरे सांगतात.

वेळेचा मुद्दा मला का महत्त्वाचा वाटतो, हे सांगायला मुलीच्याच विषयाचे उदाहरण घेते. तिने पुढे मुद्राचित्रण, म्हणजे चित्रे छापण्याची कला, हा विषय घेतला. त्यातल्या शिळामुद्रणात, म्हणजे दगडावरून चित्र छापण्यात, चुनखडीचा जड दगड आधी वाळूसारखी खरखरीत पूड घालून दुसऱ्या दगडाने तासन्‌तास घासावा लागतो, जेणेकरून आधीच्या चित्राची खूणही उरू नये. मग त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, डिंक आणि थोडे आम्ल यांचे मिश्रण लावून ते दगडात बसू द्यायचे, आणि छापताना दगड ओला ठेवून रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाही, म्हणून शाई चित्राला धरते आणि कोऱ्या जागेवर बसत नाही. पाणी कमी पडले तर सगळा दगड काळा होतो आणि जास्त झाले तर चित्र फिके येते. ही अटकळ वाचून येत नाही. तीन-चार दगड बिघडल्यावर हाताला कळते. जेथे प्रेस एक, मुले चाळीस आणि स्टुडिओ साडेचारला बंद, तेथे ही अटकळ कोणाला येणार? माझ्या मुलीच्या पिशवीत पदवीच्या अखेरीस चित्रवह्यांची चळतच होती. तिच्या बोटांची शाई दिवाळीतही निघत नसे आणि मला त्याचा आनंद वाटे.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. तिचा प्रवेशाशी काय संबंध, असे कोणी म्हणेल, पण माझ्या मते तो आहे. आज आपण मुलांना येथून मुंबईला पाठवतो. एकेकाळी प्रवास उलट दिशेने होत असे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1890 मध्ये येथे कलाभवन सुरू केले आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या आणि चित्रकला एकाच छपराखाली आणि लोकांना समजणाऱ्या भाषेत शिकवावी, असा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकल्यानंतर आणखी शिकण्यासाठी बडोद्याच्या कलाभवनात आले होते. पुढे 1949 मध्ये विद्यापीठ झाले आणि 1950 मध्ये ललित कला विद्याशाखा. तिच्या चित्रकला विभागाची घडी बसवणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी गृहस्थ. इंदुरात देवळालीकर मास्तरांकडे शिकून ते पुढे येथे आले आणि 1966 पर्यंत येथे राहिले. शिल्पकलेत शंखो चौधरी, चित्रकलेत के. जी. सुब्रमण्यन, पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट, नंतर गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहमदी अशी माणसे येथे शिकवत राहिली आणि शिकवता शिकवता स्वतःचे काम करीत राहिली. भूपेन खख्खर तर चार्टर्ड अकाउंटंट होते. कलासमीक्षा शिकायला ते या गावात आले आणि चित्रकार होऊन येथेच राहिले. शिक्षक स्वतः रोज कॅनव्हाससमोर उभा राहतो आणि विद्यार्थी ते पाहतो, ही या संस्थेची जुनी रीत आहे. ती आज किती टिकली आहे हे प्रत्येक पालकाने स्वतः जाऊन पाहावे. जुन्या नावावर विसंबून प्रवेश घ्या, असे मी म्हणणार नाही.

आणखी एक माहिती आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना असावी. ‘आमच्या मुलाला चित्रांची आवड आहे, पण हात तितका चालत नाही’ असे म्हणून पालक विषयच बंद करतात. याच विद्याशाखेत कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र हा स्वतंत्र विभाग आहे, आणि संग्रहालयशास्त्राचा विभाग 1952 पासून आहे. वस्तू जतन कशी करावी, तिची नोंद कशी ठेवावी, ती लोकांपुढे कशी मांडावी, हे शिकलेली माणसे देशातल्या संग्रहालयांना हवीच असतात. वाचनाची आणि निरीक्षणाची ओढ असलेल्या मुलाला ही वाट कोणीतरी दाखवायला हवी.

गावही शिकवते, जर पाहिले तर. गायकवाडांचे स्मारक असलेल्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे चरित्र, टागोरांच्या नाटकावरचे नटीर पूजा आणि अभिमन्यूचा वध. भिंतीवर एवढ्या मोठ्या आकारात रेषा कशी सांभाळायची, हे पाहण्यासाठी लोक दुरून येतात आणि आम्ही त्याच्या समोरून भाजी घेऊन जातो. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातील मराठा शैलीची भित्तिचित्रे आहेत. हा वाडा बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा, म्हणजे आमच्याच लोकांचा वारसा. कमाटीबागेतले संग्रहालय 1894 चे, आणि राजा रविवर्मा यांची चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फतेहसिंह संग्रहालयात आहेत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सायकलवरून एका रविवारात यांतल्या दोन जागा पाहून घरी जेवायला येऊ शकतो. दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला हे मिळेलच असे नाही. शिवाय खोलीचे भाडे वाचले तर तेवढ्याच पैशांत चांगला कागद आणि रंग येतात.

हस्तकलेविषयी मला अधिक तळमळीने लिहावेसे वाटते, कारण तिचा विचार आमच्या घरांत जवळजवळ होतच नाही. वडोदऱ्यापासून साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर संखेडा आहे. तेथील लाकडी झोपाळे आणि पाळणे अनेक मराठी घरांत आहेत. माझाही पाळणा तेथलाच होता. सोनेरी दिसणाऱ्या त्या नक्षीत सोने नसते. कथिलाची वेल काढून ती अकीक दगडाने घासतात आणि वर लाखेचा थर चढवतात, त्या थरातून कथिल सोन्यासारखे दिसू लागते. खरादी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, घराण्यांतले हात हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्याहून पुढे छोटा उदेपूरच्या राठवा आदिवासींच्या वस्तीत घराच्या भिंतीवर नवसाचा पिठोरा, म्हणजे पिठोरा देवाचे चित्र, लिहिला जातो. तेथील लोक ‘चित्र काढले’ असे म्हणत नाहीत, ‘पिठोरा लिहिला’ असे म्हणतात, आणि तो लिहिणाऱ्याला लखारा म्हणतात. ज्योती भट्ट यांनी कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांत फिरून भिंतींवरच्या आणि अंगणातल्या अशा कलांची छायाचित्रे टिपली, आणि सुब्रमण्यन यांनी विद्याशाखेच्या जत्रेसाठी लाकूड, कापड, मणी यांची खेळणी केली. पदवी घेणाऱ्या मुलाने सुटीत महिनाभर एखाद्या कारागिराजवळ बसावे, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या कामाचा मोबदला देऊन शिकावे, असे मला वाटते. यासाठी रेल्वेचे आरक्षण लागत नाही, सकाळची एस. टी. पुरते.

मी कोणालाही गावातच राहा असे सांगत नाही. ज्याला वस्तूंची रचना शिकायची आहे त्याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. ती येथून दोन तासांवर आहे. ज्याला जे. जे.मध्ये जागा मिळते त्याने अवश्य जावे. 1857 पासून चालत आलेल्या त्या संस्थेचे मोल मी काय सांगणार? ॲनिमेशनसारखे काही विषय असे आहेत की त्यांच्यासाठी बाहेर पडणेच योग्य ठरेल. आणि काही मुलांना घरापासून दूर जाण्याचीच गरज असते. तेही कारण पालकांनी मान्य करावे, फक्त त्याला उत्तम शिक्षणाचे नाव देऊन कर्ज काढू नये.

शेवटी दोन विनंत्या. पहिली आपल्याला: महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांसाठी इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथील कला अभ्यासक्रमांची माहिती आणि अभियोग्यता चाचण्यांच्या तारखा आपण निकालानंतर नव्हे, तर जानेवारी-फेब्रुवारीतच छापाव्यात. चाचणीत मुलाला तेथेच बसून चित्र काढून दाखवायचे असते, आणि बारावीच्या निकालानंतर तयारीला फारच थोडे दिवस उरतात. दुसरी विनंती येथील मराठी मंडळांना: गणेशोत्सवात चित्रकलेची स्पर्धा सगळेच घेतात, त्याऐवजी एका वर्षी, वार्षिक मांडणीच्या दिवसांत, दहावी ते बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना बरोबर घेऊन पुष्पबागेत जावे. माझा भाचा या वर्षी अकरावीत आहे. त्याला घेऊन मी येणारच आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर आमच्या वाड्यातल्या इतर मुलांनाही मी नेईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
दांडिया बाजार, वडोदरा