घर विकण्याआधी खर्च करायचा तो ओल थांबवण्यावर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुने घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढले, की त्याला चांगली किंमत यावी म्हणून आपल्याकडे अनेक जण फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचनच्या मागे लागतात. बांधकाम पर्यवेक्षक म्हणून नोकरी संपवलेल्या माझ्यासारख्याला यातला बराचसा खर्च वाया जाताना दिसतो. मुद्रांक शुल्कासाठी मिळकतीचे मूल्य काढताना वार्षिक बाजारमूल्य दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि त्याचे वय पाहिले जाते. छताच्या नक्षीला तिथे जागा नाही. गिऱ्हाइकाचे म्हणाल, तर जाणते गिऱ्हाईक भिंतीच्या कोपऱ्यातले पोपडे आधी पाहते.

कोल्हापूरच्या पावसात गच्चीच्या कोब्याच्या (पाणी न झिरपण्यासाठी घातलेल्या वरच्या थराच्या) भेगा, गच्ची आणि कठडा यांचा सांधा बुजवणारी गोलाई, म्हणजे वाटा, आणि पावसाळी पाइपांची तोंडे एवढे जरी मे महिन्यात दुरुस्त करून घेतले, तरी रंगाचा खर्च पुढे कितीतरी वर्षे वाचतो. ओल न थांबवता वरून महागडा रंग देणे म्हणजे तो दुसऱ्या पावसाळ्यात खरवडायची तयारी ठेवणे होय. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांत मातीत रचलेल्या विटांच्या भिंती अजूनही आहेत. तिथे मजबुतीच्या समजुतीने सिमेंटचा गिलावा केला जातो, आतली ओल कोंडते आणि काही काळाने गिलावा पोकळ होऊन सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा योग्य. मात्र तो नीट करणारा गवंडी शोधावा लागतो, हे खरे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 व 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. त्यामुळे सखल भागातल्या घराबाबत पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न येणारच. पुराची खूण रंगाखाली लपवण्यापेक्षा मीटर, स्विचबोर्ड आणि प्लग त्या खुणेच्या वर घ्यावेत, जुनी वायरिंग बदलून वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी हा स्विच बसवावा आणि सांडपाण्याच्या नळाला उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह लावावा. खोलीभर सजावटीपेक्षा हे स्वस्त पडते आणि घेणाऱ्याला दाखवताही येते.

गच्ची कोरडी झाल्यावर सौर पॅनेलचा विचार करावा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला केंद्राचे 78,000 रुपये अनुदान आहे. आधी पॅनेल बसवून मग कोबा उकरणारेही पाहिले आहेत!

सर्वांत कमी खर्चाची सुधारणा मात्र घरात नसून नगर भूमापन कार्यालयात आहे. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आजोबांचेच नाव असलेल्या घराला संगमरवरी फरशी घातली, तरी बँकेचे कर्ज घेऊन येणारा खरेदीदार वारस नोंदीपाशी अडतो. आपल्या घरविषयक पानांवर सजावटीच्या छायाचित्रांसोबत या नोंदीची कागदपत्रे आणि कार्यपद्धतीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर