साध्या फोनलाही खात्रीची बॅटरी मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्मार्टफोनच्या बॅटरीविषयी वर्तमानपत्रांतून वरचेवर लिहून येते. परंतु खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या, ऊसतोड मजुरांच्या आणि मेंढपाळांच्या खिशात आजही जो बटणांचा साधा फोन असतो, त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बँकेचा ओटीपी याच फोनवर येतो, गावाबाहेर असलेल्या मुलांशी बोलणे याच फोनवर होते आणि २०१७ नंतर विकल्या गेलेल्या साध्या फोनवर ५ किंवा ९ हे बटण दाबून धरल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकाला साद घालता यावी, असा सरकारी नियमही आहे. ऐन वेळी बॅटरी उतरलेली असेल, तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

मागचे झाकण नखाने उघडून कोणालाही बॅटरी बदलता येते, हा या फोनचा फार मोठा गुण आहे. दुर्दैवाने आठवडी बाजारात आणि बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांवर याच गुणाचा गैरफायदा घेतला जातो. नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीचा आकार इतका रुळला आहे की इतर अनेक कंपन्यांचे फोन आणि लहान रेडिओही त्याच मापाच्या बॅटरीवर चालतात. या बॅटरीची क्षमता साधारण १००० एमएएच (बॅटरीत किती वीज साठते, याचे माप) असते. बाजारात मात्र त्याच आकाराच्या बॅटरीवर बेधडक ३००० किंवा ५००० छापलेले आढळते. तेवढ्याशा जागेत इतकी वीज साठवणे शक्यच नाही. म्हणून आकडा जितका मोठा, तितकी ती बॅटरी बनावट असण्याची शंका अधिक, असेच ग्राहकाने समजावे. चांगल्या बॅटरीच्या टोकाशी एक चिमुकली संरक्षक पट्टी बसवलेली असते; बॅटरी प्रमाणाबाहेर भरू लागली, पार उतरू लागली किंवा शॉर्ट झाली, तर ती प्रवाह तोडते. हलक्या मालात तिच्यावरच काटकसर होण्याचा धोका असतो आणि ती आहे की नाही, हे वरून कळत नाही.

याच बीएल-५सीच्या बाबतीत २००७ साली चार्जिंग करताना तापण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा नोकियाने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबाबत इशारा दिला आणि बॅटरीवरील क्रमांक तपासून ती मोफत बदलून देण्याची तयारी दाखवली. नाव-गाव नसलेल्या बॅटरीबाबत असे उत्तर मागायचे कोणाकडे? आपल्याकडे मोबाइलच्या लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून तिच्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो खरा की खोटा, हे ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर पाहता येते; परंतु ज्याच्याकडे साधाच फोन आहे त्याने ते कसे पाहावे? ही तपासणी दुकानदाराने ग्राहकासमोर करून दाखवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वापरणाऱ्यांतही काही जुने समज घट्ट आहेत. नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा किंवा बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, हे सल्ले निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. लिथियम बॅटरी अर्ध्यावर असताना चार्ज केली तरी काही बिघडत नाही; उलट पूर्ण उतरलेला फोन कपाटात महिनोन्महिने पडून राहिला, तर ती कायमची निकामी होऊ शकते. फोन बाजूला ठेवायचाच असेल, तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवावा.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खिडकीत, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवलेला फोन पाहिला की काळजी वाटते. उशीखाली ठेवून चार्ज करणे तर कटाक्षाने टाळावे. मागचे झाकण नीट बसेनासे झाले, तर बॅटरी काढून सपाट फरशीवर ठेवावी आणि बोटाने हलकेच फिरवावी. ती भोवऱ्यासारखी गरगर फिरली, तर पोट फुगले आहे असे समजून तिचा वापर त्याच क्षणी थांबवावा. ती टाचणीने टोचणे किंवा दाबून पुन्हा बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. फोन पावसात भिजल्यास आधी बॅटरी बाहेर काढावी, तो सावलीत वाळू द्यावा, आणि शेगडीवर शेकण्याचा मोह आवरावा. डोंगराळ भागात रेंज कमी असते तेथे फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो आणि बॅटरी लवकर उतरते; हा बॅटरीचा दोष नव्हे.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. प्रत्यक्षात त्या घंटागाडीत, उकिरड्यावर, क्वचित मुलांच्या खेळण्यांत दिसतात. साध्या फोनच्या विक्रेत्यांनी जुनी बॅटरी परत घ्यावी, कंपन्यांनी खोक्यात ठळक मराठीत सूचनापत्रक द्यावे आणि ग्रामपंचायतींनी कार्यालयात अशा बॅटऱ्यांसाठी वेगळा डबा ठेवावा. वजनमापे तपासणारा वैधमापन विभाग आणि मानक ब्युरो यांनी आठवडी बाजारांतही तपासणी करावी, अशी आपल्या पत्राद्वारे माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, जि. सातारा