मांजराच्या कवितेचा दुसरा भाग पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाची झड लागलेली, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं हे आम्ही सगळे सांगलीकर दर तासाला मोबाईलवर बघत बसलेलो, आणि त्याच दिवसांत एक फोटो प्रत्येक ग्रुपवर फिरत होता. खिडकीत बसलेलं गुबगुबीत मांजर आणि खाली ओळ, 'मी आणि माझं मांजर आज घराबाहेर पडत नाही, एक जुना चिनी कवी'. पुढच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पण चौकटीत तेवढीच ओळ आली, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. ओळ खरी आहे पण ती अर्धी आहे, आणि अर्धी छापली की कवी पण हरवतो आणि मांजर पण.

ही ओळ लू यो या कवीची. ११२५ चा जन्म. तो तान्हा असतानाच उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी चीनमधल्या सोंग घराण्याच्या राज्याची राजधानी काइफंग घेतली, निम्मा देश गेला, आणि तो परत मिळवायचा हा ध्यास या माणसानं ८५ वर्षांच्या आयुष्यात कधी सोडला नाही. मांजराची कविता ११९२ ची, कवी ६७ वर्षांचा, नोकरीतनं बाजूला झालेला, गावी राहणारा. बाहेर वारा-पाऊस असा की चारी बाजूंचे डोंगर समुद्रासारखे गरजतायत, आत चुलीची ऊब, घोंगडं आणि मांजर. इथं आपण फोटो टाकून मोकळे होतो. पण त्याच रात्रीची जोडीला दुसरी कविता आहे. त्यात तो म्हणतो, या आडगावात पडलोय म्हणून मला माझी कीव येत नाही, अजून सरहद्दीवर पहाऱ्याला जावं असंच मनात आहे, आणि रात्र सरताना पावसाचा आवाज ऐकत पडलो की चिलखत घातलेले घोडे आणि गोठलेल्या नद्या स्वप्नात येतात. चीनमधली शाळेतली पोरं ही दुसरी कविता पाठ करतात. घराबाहेर न पडणारा तो माणूस आळसानं आत बसलेला नाही, त्याला जिथं जायचंय तिथं त्याला कोणी पाठवत नाही, आणि अशा रात्री त्याच्याजवळ कोण आहे तर मांजर. मला तर हे वाचून गलबलून आलं.

माझा या विषयाशी संबंध असा की मी २६ वर्षं मिरज तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळलं. पुस्तक बांधायची खळ मैद्याची असते, कितीही मोरचूद घाला, उंदीर पुस्तकाच्या पाठीलाच तोंड लावतो. आमची जुनी बांधीव मासिकं एका पावसाळ्यात अशी गेली की पानं आहेत पण पाठ नाही. मग शेजारच्या गोठ्यातनं एक पिल्लू आणलं, ठिपकी नाव ठेवलं, आणि पुढची अकरा वर्षं कपाटाखाली लेंडी दिसली नाही. तरी कमिटीतल्या लोकांचं दरवर्षी एकच, मांजर अपशकुनी, सोडून या त्याला नदीपलीकडं. म्हणून मुलानं त्या काळच्या चिनी कवींच्या मांजरावरच्या कवितांची इंग्रजी भाषांतरं पाठवली आणि मी त्यात बघितलं की हजार वर्षांपूर्वीच्या या कवींना मांजराचं पहिलं कौतुक आहे ते पुस्तकं राखल्याचं, तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं.

लू योच मांजराला उद्देशून लिहितो की मिठाचा पुडा देऊन तुला घरी आणलं, तू माझी सगळी पुस्तकं राखलीस, पण मी गरीब, तुझ्या कामाचं चीज करू शकलो नाही, थंडीत तुला बसायला लोकर नाही की ताटात मासा नाही. मिठाचा पुडा का, तर त्या काळी तिकडं मांजर नुसतं उचलून आणत नसत, रीतसर मागणी घालून आणत, आणि त्याला शब्द वापरत तो लग्नाच्या मागणीचा. आपल्याकडं साखरपुडा तसा तिकडं मांजरासाठी मिठाचा पुडा, नाहीतर मासे. हुआंग थिंगचियान (१०४५ ते ११०५) हा मोठा कवी आणि सुलेखनकार, त्याच्या घरचं मांजर मेलं आणि उंदरांनी भांडी पालथी घालून झोप उडवली, तेव्हा अमक्याच्या मांजरीला पिल्लं होणार असं ऐकून तो मासे विकत घेऊन विलो झाडाच्या फांदीत ओवून मागणी घालायला निघतो. आपण मांजर पोत्यात घालून आणतो आणि पोत्यात घालूनच सोडून येतो.

आता सगळं गोडगोडच आहे असं पण नाही, हाच लू यो दुसऱ्या एका कवितेत मांजराला झापतो की तुला माशाचीच पडलीय, उंदरांनी धुडगूस घातला तरी तू झोपतोस कसा. म्हणजे हे घरातल्या कामाच्या माणसाशी बोलावं तसं आहे, कधी आभार, कधी भांडण. आपल्या म्हणी बघा, शिंकं तुटलं की बोक्याचं फावलं, डोळे मिटून दूध पिणारं मांजर, सगळीकडं ते चोर नाहीतर लबाड. राखणदार म्हणून त्याच्यावर एक म्हण मला तरी सापडली नाही.

सगळ्यात जास्त मला लागली ती मेइ याओचेन (१००२ ते १०६०) याची कविता. होडीच्या प्रवासात त्याचं 'पाच पांढरं' नावाचं मांजर मेलं. त्यानं भात आणि मासा ठेवून त्याला निरोप दिला आणि नदीच्या मध्यावर पाण्यात सोडलं. मग आठवण सांगतो, एकदा तू उंदीर धरलास आणि बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून तोंडात धरून ओरडत अंगणभर फिरलास. होडीत आपण एकाच खोलीत राहिलो, शिधा थोडा होता पण उंदराचं उष्टं खावं लागलं नाही, ते तुझ्यामुळं. लोक म्हणतात घोडा-गाढव मोठं, ते ओझं ओढतात. जाऊ दे, आता वाद नको, असं म्हणून तो रडतो. बेंदराला आपण बैलाच्या शिंगांना रंग लावतो आणि लावायलाच पाहिजे, पण ही घोड्या-गाढवाची ओळ वाचताना मला आमचं गावच दिसलं.

ठिपकी दोन वर्षांपूर्वी गेली. वाचनालयामागं कडुलिंबाखाली खड्डा काढला, दूधभात ठेवला, तेव्हा मेइ याओचेनचं नाव पण मला माहीत नव्हतं.

तर विनंती एवढीच, पुरवणीत लू योच्या त्या रात्रीच्या दोन्ही कविता शेजारी शेजारी छापा. आणि तुमच्या वाचकांत कोणी चिनी भाषा शिकलेलं असेल तर 'पाच पांढरं' थेट चिनीतनं मराठीत आणावी, मी ती मोठ्या अक्षरात लिहून मासिकांच्या कपाटावर लावणार आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, ता. मिरज, जि. सांगली