मॅकच्या घरी पाळणा हलला

वेकफिल्ड (यॉर्कशर, इंग्लंड), डिसेंबर

ती. आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मेतकूट आणि काळा मसाला पोचला, पिशवी फुटली नाही. इथं पावसानं पिच्छा पुरवलाय आणि दुपारी चारलाच अंधार पडतो. बाकी सगळे मजेत आहोत.

हे पत्र मात्र जास्त आप्पांसाठी. शनिवारी जवळच्या एका गावात, मेंढ्यांच्या गोठ्यात नाटक बघितलं. बसायला गवताचे गठ्ठे आणि अंगावर दोन-दोन स्वेटर. नाटक याच मुलखातलं, पाचेकशे वर्षांपूर्वीचं. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, अभ्यासक त्याला ‘वेकफिल्ड मास्टर’ म्हणतात. येशूच्या जन्माचं नाटक, पण निम्म्याहून जास्त वेळ येशूचा पत्ताच नसतो! चालतं काय, तर मेंढीचोरी.

गावातल्या हौशी मंडळींनी ते आजच्या काळात आणलं होतं. मूळ नाटकात पहिला मेंढपाळ येतो तोच थंडी, कर आणि जमीनदारांच्या नावानं बोटं मोडत. इथला डिझेल, पेंड आणि सुपरमार्केटवाले देतात त्या भावाच्या नावानं ओरडत आला. समोरचे खरे शेतकरी ‘हो, हो’ म्हणून माना डोलवत होते. दुसरा मेंढपाळ मुळात बायकोला कंटाळलेला. इथं ते काम एका बाईला दिलं आणि ती नवऱ्यावर घसरली. हा बदल मला फार पटला. तिसरा बिचारा गडी, मालक वेळेवर पगार देत नाही आणि पोटभर जेवायलाही घालत नाही म्हणून कुरकुरणारा. त्यात काही बदलायची गरजच पडली नव्हती.

मग मॅक येतो. नंबरी चोर. मूळ नाटकात तो राजाचा माणूस असल्याची बतावणी करत दक्षिणेकडच्या बोलीत रुबाब झाडतो. इथं पिवळं जाकीट घालून, हातात कागद घेऊन, लंडनहून आलेला सरकारी तपासनीस म्हणून आला. त्याचे ते लंडनी हेल ऐकून यॉर्कशरची माणसं अशी हसली की विचारू नका. सगळे झोपल्यावर तो त्यांच्याभोवती मंतरलेलं रिंगण काढतो, ते यानं मेंढ्यांवर खूण करायच्या लाल स्प्रेनं काढलं आणि मेंढी घेऊन पसार.

घरी त्याची बायको जिल त्याच्याहून पोचलेली. मेंढीला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घालते आणि बाळंतीण होऊन कण्हत पडते. शोधाशोध करत मेंढपाळ येतात, तर म्हणते, ‘मी तुम्हाला फसवलं असेल तर या पाळण्यातलं लेकरू खाईन!’ खरं तर खाणारच होती की! बिचारे वरमून परत निघतात. पण लेकराच्या हातावर काही ठेवलं नाही म्हणून तिसरा मागे फिरतो, सहा पेन्स द्यायला. मुका घ्यायला दुपटं उचलतो, तर हे लांबलचक तोंड! मूळ संहितेत मेंढी कानावरच्या खुणेवरून ओळखतात. इथं टोपड्यातून कानाचा पिवळा बिल्लाच बाहेर लोंबत होता. तरी जिल हटत नाही, म्हणते, मध्यरात्री चेटूक होऊन बाळाचं असं झालं.

त्या काळी मेंढी चोरणाऱ्याला फाशी व्हायची. हे मेंढपाळ मॅकला जाड कापडात घालून उंच उडवतात आणि सोडून देतात. इथं निळी ताडपत्री वापरली. मॅक जाडजूड, त्यामुळे फेकणाऱ्यांनाच धाप लागली.

आणि ते दमून पडतात तेवढ्यात देवदूत गातो. मग बेथलेहेम, येशूचं जन्मगाव. वेगळा पडदा नाही, काही नाही, तोच पाळणा जरा सरकवला आणि आता त्यात देव. आप्पा, मला जत्रेतल्या तमाशातली गवळण आठवली. मावशी आणि पेंद्या काय वाटेल ते बोलतात आणि तिथंच कृष्ण येऊन उभा राहतो, कुणाला काही गैर वाटत नाही. चर्चच्या वरिष्ठांना मात्र वाटलं असावं. १५७६ साली त्यांनी वेकफिल्डला हुकूम धाडला की नाटकात देवाचं सोंग आणायचं नाही.

मेंढपाळांची भेट म्हणजे चेरीचा घोस, एक पक्षी आणि खेळायला चेंडू. भर हिवाळ्यात चेरी हा तेव्हा चमत्कारच. आता ती प्लॅस्टिकच्या डब्यात वर्षभर मिळते, तरी यांनी चेरीच आणली, वर किमतीचं लेबल तसंच. चेंडू मेंढराच्या कुत्र्याचा, चावून चावून पिसं निघालेला. गड्यानं तो बाळाजवळ ठेवला आणि कुत्रं लगेच मागोमाग पाळण्याशी. ते ठरवलेलं नव्हतं म्हणे, पण टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

आप्पा, जत्रेच्या नाटकात हे बसवता येईल का बघा. मॅक तुम्हीच व्हा. जिलचं काम कोण करेल ते आईला विचारून ठरवा. यंदा आपल्या रानात धनगरांचा वाडा बसला का, तेही कळवा.

तुमची,
सुमन