मनास्लूच्या वाटेवर भेटलेल्यांचे मनापासून आभार

नेपाळमधल्या मनास्लू (8,163 मीटर) पर्वताची परिक्रमा आम्ही बहीणभावांनी सुखरूप पूर्ण केली. ज्यांच्यामुळे ती झाली त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

धरमशाला हा लारक्या खिंडीआधीचा शेवटचा मुक्काम, साधारण 4,460 मीटरवर. तिथे संध्याकाळी ताईला उलट्या सुरू झाल्या, डोकं असह्य दुखू लागलं. विरळ हवेच्या त्रासावर खरं औषध एकच, खाली उतरणं. आमचे गाईड निघायची तयारी करत होते, तेवढ्यात दुसऱ्याच गटाचे एक पोर्टरदादा उठले. त्यांनी आपला डोको, म्हणजे पाठीवरची टोपली रिकामी केली, ताईला त्यात बसवलं, नाम्लोचा पट्टा कपाळावर घेतला आणि अंधारात खालच्या सामदो गावाची वाट धरली. दिवसभर ओझं वाहून दमलेला माणूस! पुढे हेडटॉर्च लावून चालणारा मुलगा प्रत्येक बर्फाळ दगडावर आधी स्वतः पाय रोवून बघत होता.

सामदोच्या दिदींनी मध्यरात्री चूल पेटवून लसणाचं सूप केलं, ताईच्या उशाशी बसून राहिल्या आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

पुरेशा विश्रांतीनंतर ताई बरी झाली आणि 5,100 मीटरहून उंच ती खिंड तिने स्वतःच्या पायांनी ओलांडली. बिमथांगच्या घसरड्या उतारावर हात देणाऱ्या परदेशी काकांचेही आभार.

पोर्टरदादा, तुमच्या गटाचं सामान उचलायला तुम्ही त्याच रात्री पुन्हा वर गेलात. तुम्हाला आम्हा दोघांचा आणि घरी आईबाबांचाही नमस्कार.